फळीवरची बॅटरी

एका मंगळवारी दुपारी एक माणूस शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लाकूड कापत होता. त्याच दुपारी तो तिथे मेला. बुधवारी मी त्याच्या सख्ख्या भावाला खुनाच्या गुन्ह्यात अटक केली. तो मंगळवार आणि त्यानंतरचे नऊ दिवस मी विसरलेलो नाही.

तेव्हा मी अकोला जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तेल्हाऱ्याकडचा भाग कपाशीचा, पण हे कुटुंब वांगी, टमाटे आणि झेंडू पिकवणारं. दोघं भाऊ वेगळे झालेले, घरं मात्र एका भिंतीला भिंत लावून. नावं लिहीत नाही. थोरला आणि धाकटा, एवढं पुरे.

सव्वातीनला गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, कटरनं मान कापल्या गेली. थोरला गेला. धुऱ्यावर पडला हाय."

मी ठाणे अंमलदाराला डायरीत वेळ टाकायला सांगितली. पाटलांनी फोन ठेवला नव्हता. आवाज खाली आणून ते म्हणाले, "अजून एक सांगतो. कटर तिथंच हाय, पण त्याची बॅटरी नाही. तुमी या लवकर."

कटर म्हणजे बॅटरीवर चालणारी साखळीची करवत. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात ती घरोघरी आली. पेट्रोल नको, दोरी ओढणं नको, घरची लाकडं घरीच कापून होतात. तिची बॅटरी विटेएवढी असते. मागच्या खाचेत ती खट्‌कन बसते आणि बाजूची कळ दाबल्याशिवाय निघत नाही. धक्क्याने पडत नाही. म्हणजे मेलेल्या माणसाच्या करवतीतून ती कोणीतरी हाताने काढून नेली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. आदल्या रात्रीच्या वाऱ्याने पडलेली एक सुकी बाभूळ धुऱ्यावर आडवी होती. सात ओंडके कापून झाले होते, आठव्यावर अर्धवट खाच होती. थोरला ओंडक्यापलीकडे उताणा पडला होता. जखम मानेच्या डाव्या बाजूला, खांद्यापर्यंत. पंचांसमक्ष पंचनामा केला, कटर जप्त केलं, अंधार पडेपर्यंत कपाशीची ओळ न् ओळ पाहिली. बॅटरी मिळाली नाही.

ती कुठे असेल हे मात्र गावातल्या कोणालाही विचारलं तरी कळलं असतं. कटर दोघा भावांनी एकत्र असताना घेतलं होतं. वाटणीच्या वेळी पंचांनी आमच्याकडची जुनी रीत लावली. विहीर सामाईक असली की मोटर एकाकडे आणि स्टार्टर दुसऱ्याकडे ठेवतात, म्हणजे एकमेकांना विचारल्याशिवाय कोणाचंच पाणी चालत नाही. तसंच इथे कटर थोरल्याकडे राहिलं आणि बॅटरी-चार्जर धाकट्याकडे. दोन वर्षं हे नीट चाललं. मग धुऱ्यावरच्या एका कडुनिंबावरून वाद झाला. थोरल्याला तो तोडायचा होता, धाकट्याला सावलीला ठेवायचा होता. उन्हाळ्यापासून बोलणं बंद. बॅटरी मागणंही बंद.

म्हणजे कटर चाललं होतं, तर बॅटरी धाकट्याच्या घरून आली होती.

संध्याकाळी त्याच्या घराची झडती घेतली. बॅटरी लपवलेली नव्हती. माजघरातल्या फळीवर, चार्जरशेजारी, रोजच्या जागी होती. मी ती रुमालाने उचलली. वरचं बटण दाबलं की चार हिरवे दिवे लागायला हवेत, एकच लागला.

"ही कोणी वापरली?"

"कोणीच नाही," धाकटा म्हणाला. "काल राती मीच चार्ज केली. चारी लाइट होते."

मी बॅटरी उलटी केली. खाचेत बसणाऱ्या भागावर लाकडाचा भुसा चिकटला होता आणि त्यात सुकलेलं रक्त. त्याने ते पाहिलं. मग त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे त्याची बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. तो भिंतीला टेकून खाली बसला.

ती नजर मी टिपली होती. बायकोसमोर उघडा पडला म्हणून माणूस खचला, असा मी तिचा अर्थ लावला. दुसरा अर्थ शोधायची मला गरज वाटली नाही.

दुपारी कुठे होता, या प्रश्नावर तो म्हणाला, गावापल्याडच्या तुकड्यात वांगी तोडत होतो. कोणी पाहिलं? कोणी नाही. थोरल्याच्या बायकोचा जबाब घ्यायला गेलो, तर ती पडून होती. तिचा भाऊ आला होता. तो म्हणाला, "बहीण शुद्धीत नाही साहेब. लिहा मी सांगतो. या माणसानं निंबापायी माह्या बहिणीचा नवरा मारला." मी त्याचा जबाब लिहून घेतला.

रात्रभर धाकटा ठाण्यात गप्प बसून होता. सकाळी मी त्याच्यासमोर चहा ठेवला आणि एवढंच म्हटलं, "तू बोलला नाहीस, तर घरातल्या प्रत्येकाला इथे बोलवावं लागेल."

त्याने मान वर केली.

"घरच्याले नको आणू साहेब. मीच केलं."

"काय केलं?"

"त्यालेच मारलं. अजून काय पाह्यजे तुमाले?"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला माहीत होतं. पण तपास योग्य दिशेला आहे असं तिच्यामुळे मला वाटलं, आणि ते जास्त वाईट होतं. दुपारी पत्रकार आले. मी त्यांना सांगितलं, भावानेच भावाला संपवलं, चोवीस तासांत उलगडा. गुरुवारी ते फोटोसह छापून आलं. वरिष्ठांचा अभिनंदनाचा फोन आला. न्यायालयाने पोलीस कोठडी दिली.

आमच्या ठाण्यात एक जुने हवालदार होते. घरी चूल, स्वतः लाकडं फोडणारा माणूस. शुक्रवारी जप्तीचा मुद्देमाल बांधताना ते माझ्याकडे न पाहता बोलले.

"साहेब, तुमी पुस्तकं वाचता, मी लाकडं फोडतो. एक इचारू?"

"विचारा."

"खून करून माणूस बॅटरी घरी नेते, हे समजलं. पण फळीवर चार्जरपाशी नेऊन ठेवते? नीट, जागच्या जागी? मी असतो तर कटरासंगट हिरीत टाकली असती."

"घाबरलेला माणूस काहीही करतो."

"घाबरलेला माणूस पुसून तरी ठेवते," ते म्हणाले. "बरं, राह्यलं. मी आपला अडाणी."

टोमणा लागायचा तिथे लागला. शनिवारी सकाळी मी धाकट्याला पुन्हा समोर बसवलं. या वेळी धमकी नव्हती, घाईही नव्हती. हवालदार शेजारी उभे.

"तू गेलास तेव्हा थोरला काय करत होता?"

"कापून राह्यला होता."

"काय?"

"काय म्हंजे? निंब. दुसरं काय कापन तो?"

"उभा निंब? बुडातून?"

"हाव. बुडातून. म्हून तर माहं डोकं सटकलं."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. निंबाला ओरखडाही नव्हता. जमिनीवर पडलेली बाभूळ कापली जात होती. धुऱ्यावर आम्ही पंचांशिवाय कोणाला येऊ दिलं नव्हतं आणि धाकट्याला थेट घरून उचललं होतं. धुऱ्यावर काय पडलं आहे हे त्याने पाहिलंच नव्हतं, आणि आमच्यापैकी कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

तो तिथे गेलाच नव्हता.

"कोणाला वाचवतोस?" मी विचारलं.

त्याने मान फिरवली. पण आता मला मंगळवारची ती नजर आठवली, आणि ती कोणत्या दारावर थांबली होती तेही.

मी घाबरलो. खरा आरोपी निसटेल म्हणून नव्हे. रविवारी कोठडीची मुदत संपत होती, वर्तमानपत्रात खुनी म्हणून या माणसाचा फोटो छापून आला होता, आणि तो सगळा उद्योग माझा होता. आता त्याच्या जागी मी त्याच्या बायकोला बसवणार होतो का?

दुपारीच महिला शिपायाला घेऊन गावात गेलो. पाऊल धाकट्याच्या घराकडे वळत होतं. पण पाच दिवसांत एका माणसाला मी स्वतः काहीच विचारलं नव्हतं, हे रस्त्यात लक्षात आलं. आधी थोरल्याच्या घरी गेलो.

विधवा कोपऱ्यात पोत्यावर बसली होती. शेजारी तिची मुलगी, आठवा महिना भरत आलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाईचा भाऊ पुढे झाला. "साहेब, माहा जबाब झाला ना?" महिला शिपाई त्याला म्हणाली, "भाऊ, तुमी जरा बाहीर बसा. बाईले बाई बोलू द्या."

मी जमिनीवर बसलो. सरळ विचारलं, "ताई, कटरची बॅटरी कोणी काढली?"

ती लगेच म्हणाली, "मी."

महिला शिपायाने विचारलं, "काहून काढली?"

"संध्याकाळच्या आत वापस देतो म्हून धाकलीले कबूल केलं होतं ना."

मग ती सावकाश सांगत गेली. पोरीच्या बाळंतपणाला दोन महिने पाणी तापवायचं, शेक द्यायचा. सुकी बाभळीची लाकडं हवी होती. नवरा भावाकडे बॅटरी मागायला तयार नव्हता. तिने मागच्या भिंतीवरून जावेला सांगितलं. जाऊ म्हणाली, पोरीसाठी देतो, पण आमचे हे वांगी तोडून घरी याच्या आत बॅटरी फळीवर पाह्यजे. सकाळी बॅटरी टमाट्याच्या टोपल्यातून भिंतीवरून आली.

"दुपारी भाकर घेऊन गेली त थे पडले होते. हाक मारली. हात लावला. थंडे." तिने मुलीचा हात धरला. "थे नेहमी सांगत, कटरले हात लावाच्या आंधी बॅटरी काढायची. म्या काढली. मंग मले आठवलं, धाकलीची हाय. तिचा नवरा घरी याच्या आत गेली पाह्यजे. टोपल्यात टाकली, पदर झाकला, मागून देऊन आली. तिनं पाह्यलं बी नाही, तशीच ठेवली. मंग समोरच्या दारानं येऊन बोंबलली."

"जावेला काहीच सांगितलं नाही?"

"काय सांगू? तोंडातून निघे ना."

"मग धाकट्याला धरला तेव्हा तरी बोलायचं."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मले वाटलं, तुमाले काही ठाऊक असन म्हून नेलं. तुमी पोलीस हा. अन् मले कोणी इचारलं?"

बाहेर भाऊ काहीतरी ओरडत होता. मुलगी रडत म्हणाली, "आई, काकाले सोडवनं आता."

भिंतीपलीकडे जाऊ पाच दिवस जवळपास उपाशी होती. बॅटरी आपण दिली म्हणून थोरला मेला, हे ओझं ती घेऊन बसली होती. बोललं तर नवरा टाकून देईल, ही वेगळी भीती. नवऱ्याला वाटत होतं, बायकोच्या हातून काही झालं आहे. विधवेला वाटत होतं, पोलिसांना जास्त कळतं. आणि पोलीस वर्तमानपत्राचं कात्रण फाइलला लावत होते.

पुढचं काम सोपं होतं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना पुन्हा भेटलो. जखम खालून वर गेलेली होती आणि आत बाभळीचा भुसा होता. कटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराने पंचांसमक्ष दाखवलं की पट्टीचं टोक मागच्या फांदीला अडलं की फिरती साखळी कटरला झटक्याने वर, माणसाकडे फेकते. पुढची ढाल मनगटाला लागून साखळी थांबावी अशी सोय असते. थोरल्याने ती तारेने मागे बांधून टाकली होती, कापताना आड येते म्हणून. पंचनाम्यात मी ती तार लिहिली होती. तिचा अर्थ विचारला नव्हता.

धाकट्याला कोठडीत सांगायला मी स्वतः गेलो. वहिनीने काय सांगितलं ते त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे दादा निंब तोडत नव्हता."

"नव्हता."

"पोरीसाठी लाकडं कापत होता."

"हो."

"मले मागितली असती त देल्ली असती साहेब," तो म्हणाला, आणि मग स्वतःच मान हलवली. "नसती देल्ली."

गुन्हा घडलेलाच नाही असा अहवाल न्यायालयात दाखल होऊन तो सुटायला गुरुवार उजाडला.

त्या बाईचं वागणं मी त्या वेळी कागदावर बरोबर लिहिलं, पण मला ते कळलं नव्हतं. नवरा समोर मेलेला असताना कोणी उसनी वस्तू परत करायला जातं का, असं सरकारी वकिलांनी मला विचारलं होतं आणि मी खांदे उडवले होते. गेल्या वर्षी अमरावतीच्या दवाखान्यात माझी पत्नी पहाटे गेली. सही करून मी घरी आलो. तिने वाचनालयातून आणलेलं पुस्तक उशीजवळ होतं, मुदत त्याच दिवशीची. मी दहा वाजता वाचनालय उघडण्याची वाट पाहत पायरीवर बसलो, पुस्तक जमा केलं, आणि मग मुलाला फोन केला. त्या तासांत मला कोणी पाहिलं असतं आणि तो माझ्यासारखा तपास अधिकारी असता, तर त्याने माझ्याविषयी काहीही लिहिलं असतं.

नोकरीत मी शिकवत असे की, जो विचित्र वागतो त्याच्याकडे नीट बघा. ते चूक नाही. पण नीट बघणं म्हणजे त्याला विचारणं, आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्याला बाहेर बसवणं. इतकी साधी गोष्ट मी एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर, एका निर्दोष माणसाला नऊ दिवस कोंडून शिकलो.

अपघाताची बातमी छापा म्हणून मी त्याच पत्रकारांना सांगितलं. एकाने आतल्या पानावर चार ओळी दिल्या. नाव होतं, फोटो नव्हता.

पोरीला मुलगा झाला. जावा एकमेकींशी बोलतात. धाकटा दोन्ही शेतं करतो. त्याचा माल बाजारात जातो, पण भाव करायला तो पुढे होत नाही, बायकोला पाठवतो. तो चहाच्या टपरीवर आला की लोक अजून बोलायचे थांबतात.