पडद्यावरचा इंच

बाजारातला जोड ज्यांच्या पायाला बसत नाही, त्यांचे बूट या भावंडांच्या दुकानात होतात. थोरला शिवतो, धाकटी माप काढते. थोरला शाळेत फार टिकला नाही. पण धाकटीसारखं डोकं शोधून सापडायचं नाही, हे गिऱ्हाईक चप्पल काढायच्या आत तो सांगून मोकळा होतो. आणि खोटं काय आहे त्यात?

प्रिंटर बंद पडला, तर धाकटी अडून बसली नाही. कॉम्प्युटरवर तळव्याचा आकार काढायचा, पडद्यावर बटरपेपर चिकटवायचा आणि पेन्सिलीने गिरवून घ्यायचा. पडद्यावरचा इंच पट्टीच्या इंचाला तंतोतंत जुळेल, असं तिनंच बसवून ठेवलेलं.

त्या दिवशी ती यायच्या आधी थोरल्यानं शहाणपणा केला. नवी सिस्टिम घ्या, असं कॉम्प्युटर म्हणाला, यानं घेतली. धाकटी येऊन बघते तर अक्षरं भोपळ्याएवढी. आणि संध्याकाळी शाळेतल्या बाई येणार होत्या. अपघातानंतर त्यांचा डावा पाय आखूड झालेला. चार महिन्यांनी उद्या त्या वर्गावर जाणार, आणि डाव्या बुटाचा तळ अजून कापायचाच होता.

थोरला म्हणाला, एवढंच ना, सगळीकडून दोन सूत कमी कापू. धाकटीनं पडद्याला पट्टी लावली.

"दादा, आडवा इंच सव्वा झालाय, उभा त्याहून जास्त. पाय नुसता मोठा नाही झाला, लांबडा झालाय. असा तळ घालून बाई उभ्या राहतील का?"

थोरल्यानं आपलं म्हणणं मागे घेतलं. असं फार वेळा होत नाही.

सेटिंगमध्ये रिझोल्यूशनचे, म्हणजे पडद्यावर किती ठिपके बसतात त्याचे, दोनच आकडे दिसत होते, दोन्ही कमी. धाकटीनं पडद्यामागची धूळ पुसून तिथल्या कंपनीच्या चिठ्ठीवरचा खरा आकडा वाचला आणि तिच्या लक्षात आलं. पडदा चालवणारा जुना प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नव्या सिस्टिमनं काढून टाकला होता आणि कुठल्याही मशीनला चालेल असा कामचलाऊ बसवला होता. जुना तिनं पेनड्राइव्हवर जपून ठेवलेला. सिस्टिम म्हणाली, हा चालणार नाही. हिनं, जुनीच सिस्टिम आहे असं समजून तो चालव, असं सांगून पुन्हा बसवला. पडदा काळा झाला. थोरल्यानं हातातली आरी खाली ठेवली. मग अक्षरं आली, बारीक आणि रेखीव. यादीत चिठ्ठीवरचा आकडाही आला. तो निवडून तिनं पट्टी लावली. इंचाला इंच.

मग दोघं उठलेच नाहीत. तिनं गिरवलं, त्यानं कापलं, शिवलं.

संध्याकाळी बाईंनी बूट घातले, दारापर्यंत जाऊन आल्या. उद्या सलग चार तास आहेत म्हणाल्या. धाकटीनं अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून बघितलं.

"उभ्या राहाल, बाई."

बाई मग वर्गातल्या एकेका पोराच्या खोड्या सांगत बसल्या. बसल्या कसल्या, थोरल्यानं दोनदा खुर्ची पुढे केली, तरी उभ्याच होत्या.