शनिवारी मावशी सांगत नसत

दर शुक्रवारी ऊन कलायला लागलं की मी दुकानातला दहा नंबरचा पाना खिशात टाकायचो, आमच्या वरसे गावात, शेजारच्या रिबकामावशींच्या घरी जायचो आणि त्यांच्या गाडीच्या बॅटरीची एक वायर सोडवून यायचो. रविवारी सकाळी जाऊन ती परत जोडायची. रोह्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. तिथे चहाला टेकणारे विचारायचे, "अरे, एकदाच काय ती दुरुस्त कर ना! दर आठवड्याला ही काय पूजा मांडलीयस?" मी म्हणायचो, पार्ट येत नाही. ते खरंच होतं, निदान बरेच महिने.

मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. आमच्याकडची जुनी माणसं त्यांच्या लोकांना अजून शनवारतेली म्हणतात. कुणी नवखा बुचकळ्यात पडला की मावशी स्वतःच खुलासा करायच्या, "आमचे आजेपणजे तेल गाळायचे. शनवारी घाणा बंद. आता घाणा गेला, तेल गेलं, शनवार तेवढा ऱ्हायला." तो शनिवार, त्यांचा शब्बाथ, त्या अगदी कडक पाळायच्या. शुक्रवारी सूर्य बुडाला की दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत चूल नाही, दिव्याचं बटण नाही, गाडी तर नाहीच नाही. बाकी बाई मोठी खटपटी. धाटावच्या एका कंपनीत त्यांनी अख्खी नोकरी स्टोअरमध्ये काढली होती आणि निवृत्तीनंतरही तोंडातून स्टोअर गेलं नव्हतं. कुणी वारलं की "इश्यू झाला, आता परत जमा व्हायचा नाय" म्हणायच्या. माझं भावाशी फाटलं तेव्हा म्हणाल्या, "लगेच रिजेक्ट मारू नको. आधी पुसून बघ." मी दुकान टाकलं तेव्हाचा त्यांचा पहिला उपदेश मी आजही पाळतो: "बदललेला जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात दे. नायतर त्याला वाटतं, बदललाच नाय."

हे बॅटरीचं प्रकरण सुरू झालं एका शनिवारी. मावशींची गाडी अंगणात उभी होती आणि आपली आपणच हॉर्न वाजवत होती. थांबेचना. आळीतली माणसं जमलेली, कुणाचं तान्हं पोर दचकून रडतंय, आणि मावशी पडवीत खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसलेल्या. शरमेनं चेहरा लाल. मी घाईघाईनं विचारलं, "मावशी, चावी कुठंय?"

"सुनील," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज इथं फार आवाज हाय."

"ते ऐकू येतंय हो. चावी?"

"चावी रोज खिळ्यावर असते."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. शनिवारी स्वतः काम करायचं नाही, तसं दुसऱ्याला सांगायचंही नाही. सांगणं म्हणजे केल्यासारखंच. पण जे आहे ते आहे, असं म्हणायला कुणाची ना नसते. मी मुकाट्यानं आतली चावी घेतली, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची वायर काढली. त्या दिवसापासून मला मावशींची शनिवारची भाषा यायला लागली. "दूध उघड्यावर हाय, आणि मांजर पण हाय." "पंखा आज लयच जोरात फिरतोय." माझी बायको म्हणायची, "माझं रोजचं सरळ बोलणं तुम्हाला कळत नाही, मावशींचं शनिवारचं बरं कळतं." बाकीचे सहा दिवस मात्र मावशींचा खाक्या वेगळा. सुनील, इकडे ये. सुनील, सिलिंडर आत घे. सुनील, दाढी कर, आजारी दिसतोस. आडपडदा म्हणून नाही.

गाडीचा दोष हॉर्नमध्ये नव्हता. मी रिले बदलला, वायर न् वायर तपासली, शेवटी स्कॅनर लावला तेव्हा चोर सापडला. स्टिअरिंगच्या खाली एक डबी असते, बॉडी कंट्रोल मॉड्यूल. आम्ही तिला बीसीएम म्हणतो. हॉर्न, वायपर, दिवे, दारांची कुलपं, सगळ्यांना हुकूम तिथून सुटतो. पुढच्या काचेचं रबर गेलेलं, पावसाचं पाणी आत झिरपून डबीच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. मावशींच्या नियमाप्रमाणे आधी पुसून बघितली. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा सुरू. गाडी जुनी, त्या मॉडेलची डबी कुठे मिळेना. म्हणून शुक्रवारचा पाना.

एकदा मी वायर सोडवत असताना मावशींनी मला फार गंभीरपणे विचारलं, "आपल्या आपण दिवे लावून गाडीनं शब्बाथ मोडला, तर पाप कुणाला रं?"

"गाडीला, मावशी."

"गाडी माझ्या नावावर हाय," त्या म्हणाल्या.

त्यांचं माहेर पेण. तिथल्या त्यांच्या मशिदीत, म्हणजे प्रार्थनाघरात, काचेच्या हंड्या टांगलेल्या आहेत आणि त्यांत तेल घालायला मावशी अधूनमधून रविवारी जायच्या. गाडीचा भरवसा नव्हता म्हणून एकदा मी चालवायला गेलो. नागोठणं सोडलं आणि लख्ख उन्हात वायपर सुरू झाले. येणारेजाणारे हसत होते. मावशी समोर बघत म्हणाल्या, "पेणला पाऊस असंल. हिला आधी खबर लागली." पण मशिदीत गेल्यावर त्यांची थट्टा आटली. चौकटीला हात लावून तो ओठांना लावला, हंडीत तेल घातलं. "प्रार्थनेला दहा पुरुष लागतात," त्या म्हणाल्या. "पूर्वी आळीत एक हाक मारली की जमायचे. आता फोनवर फोन करा, दहा होत नायत." मग पदराला हात पुसत, "आणि मी पण गेले तर तेल कोण घालणार?"

जाण्याची गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. त्यांचा एकुलता एक मुलगा सॅमी, बायकोमुलांसकट इस्रायलला. आई, ये, आई, ये, म्हणून त्याचा धोशा चालू होता. मावशींचं उत्तर ठरलेलं, "गाडी नीट झाली की विकून येते. बिघडलेला माल दुसऱ्याच्या गळ्यात कसा मारू?" मावशींना नाही म्हणायचं नव्हतं आणि हो पण म्हणायचं नव्हतं. त्या डबीनं त्यांची दोन्हीतून सुटका केली होती.

मग त्या मागच्या मोरीत घसरून पडल्या. दूधवाली येईपर्यंत तशाच पडून होत्या. हाड मोडलं नाही, पण सॅमीनं ते ऐकलं आणि त्याचा मला फोन आला. "सुनीलदादा, पाया पडतो. तो पार्ट कुठूनही आणा. आईला एकटं ठेवायला आता भीती वाटते." मी त्याला शब्द दिला.

पनवेलच्या भंगारातून एक डबी आणली. बसवली, तर गाडी सुरूच होईना. ती डबी दुसऱ्या गाडीची. आमची चावी ओळखायला तयार नाही. मावशींना झालेला आनंद त्यांना लपवता आला नाही. "दुसऱ्याचं डोकं असं लागत नाय बघ!" म्हणत त्यांनी मला चहा दिला, वर नारळ घातलेले गोड पोहे दिले. मी पोहे खाल्ले आणि दुसऱ्याच दिवशी एका ओळखीच्या डीलरच्या मागे लागलो. काही आठवड्यांनी कोरी डबी आली. गुरुवारी बसवली. स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, जुनी डबी सोडवली, नवी लावली, लॅपटॉप जोडून कोडिंग केलं, म्हणजे दोन्ही चाव्यांची तिला ओळख करून दिली. वायपर, दिवे, कुलपं, सगळं हुकमात. जुनी डबी मी मावशींच्या हातात ठेवली.

"एवढीशीच?" त्या म्हणाल्या. बराच वेळ तळहातावर घेऊन बसल्या. "मला पण तिकडं असंच कोडिंग करून घेतील काय रं? नायतर दार उघडायचं नाय."

मी हसलो. झकास काम झालं होतं, मी खुशीत होतो.

शुक्रवारी ऊन कललं, माझा हात सवयीनं पान्याकडे गेला आणि रिकामा परत आला. शनिवारी राहवलं नाही म्हणून त्यांच्याकडे चक्कर टाकली. मावशी पडवीत, गाडी अंगणात. दोघी गप्प. मी पायरीवर बसलो.

"गाडी अगदीच गप झाली," मावशी म्हणाल्या.

"पार्ट ओरिजिनल आहे, मावशी. आता बघायला नको."

"व्हय. काम चांगलंच झालं." मग गाडीकडे बघत, "सॅमी तिकीट काढतोय."

"हो, बोलला मला."

"ह्या पडवीत अजून एक खुर्ची मावते," त्या म्हणाल्या. "आणि तुझं घर हाकेवर हाय."

शनिवारची भाषा साऱ्या गावात मला एकट्याला येत होती. मला सगळं कळलं. त्यांना एवढंच हवं होतं की कुणीतरी म्हणावं, मावशी, नका जाऊ, आम्ही आहोत. मुलाला दिलेला शब्द त्यांना मोडता येत नव्हता. पण दुसऱ्या कुणी हट्ट धरला असता तर त्या हट्टाच्या आडोशाला उभं राहता आलं असतं. मी सॅमीला शब्द दिला होता, हे खरं. पण खरं कारण तेही नव्हतं. उद्या त्या पुन्हा पडल्या तर ते माझ्या अंगावर येईल, याची मला धास्ती वाटली. "बघू मावशी, येतो," असं म्हणून मी उठलो. न समजल्यासारखा चेहरा मी त्यांच्यासमोर त्या शनिवारी पहिल्यांदा केला. त्यांनी तो ओळखला असणार. इतकी वर्षं स्टोअर सांभाळलेल्या बाईला खोटा माल लगेच कळतो.

गाडी पेणच्या एका पापडवाल्या बाईंनी घेतली. जायच्या दिवशी मावशींनी जुनी डबी मला परत दिली, "भंगारात घालू नको. पुसून ठेव," म्हणाल्या. ती दुकानात फळीवर आहे. गाडी सर्व्हिसिंगला येते तेव्हा बाई सांगतात, काही म्हणजे काही तक्रार नाही. त्यांच्या दृष्टीनं ते कौतुक असतं. महिन्यातून एकदा मी पेणला जाऊन मशीद सांभाळणाऱ्याकडे तेलाची बाटली देऊन येतो. त्यात पुण्य वगैरे काही नाही. घरी बसवत नाही म्हणून जातो.

मावशींचा अधूनमधून फोन येतो, शनिवार सोडून. तसाच खणखणीत. सुनील, तेल घातलंस? सुनील, दाढी केलीस? भावाला फोन केलास? परवाही सगळी विचारपूस झाली. मी निरोपाचं बोलणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, "सुनील, इथं फार शांत हाय."

"हो का?" मी म्हणालो. "बरं आहे की, मावशी. आराम करा."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शटर ओढताना माझ्या लक्षात आलं. तो शनिवार नव्हता, बुधवार होता.