मोठ्या अक्षरांतलं इंग्रजी

माझ्या वडिलांना इंग्रजीची लहान अक्षरं लिहिता येत नव्हती. वाचता यायची. लिहायची वेळ आली की ते कॅपिटल अक्षरं काढत, एकेक सुटं, खांबासारखं ताठ. काळ, वचन, आर्टिकल या भानगडीत ते पडत नसत. माझ्या शाळेच्या डायरीत ते लिहायचे, 'फीवर. नॉट कम. टुमारो कम.' ते पान मॅडमसमोर धरताना मी अंगठा नेमका त्या ओळीवर ठेवायचे.

पप्पा गंगापूरकडच्या एका गावातले. नामांतराच्या दंगलीत गावाबाहेरची जी घरं जळाली, त्यात त्यांचं होतं. मॅट्रिकचं सर्टिफिकेट घरातच होतं. मला एवढंच माहीत आहे, कारण आमच्याकडे ही गोष्ट कधी शेवटपर्यंत सांगितली गेली नाही. मध्येच कुणीतरी पाणी प्यायला उठायचं. त्या वर्षांत चिकलठाण्याला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि गेटवरच माणसं भरती होत होती. ज्याच्याकडे कागद नव्हता तो हेल्पर व्हायचा. पप्पा हेल्पर झाले. रसायनांच्या टाक्या असलेल्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली.

इंग्रजी ते तिथल्या फळ्यावर शिकले. शिफ्ट संपली की जाणाऱ्यानं टाकीजवळच्या फळ्यावर खडूनं लिहायचं, काय बिघडलंय, काय उघडं आहे, कशाला हात लावायचा नाही. इंजिनियर कुणी मद्रासकडचा, कुणी गुजरातचा, म्हणून इंग्रजीत लिहायचं. आणि हात तेलकट, प्रत्येकाचं वळण वेगळं, म्हणून कॅपिटलमध्ये. येणाऱ्यानं फळा मोठ्यानं वाचायचा आणि म्हणायचं, "घेतलं." म्हणजे चार्ज घेतला, आता काही झालं तर जबाबदारी माझी. तोवर जाणारा माणूस हात धूत नसे. बस सुटायची वेळ झाली तरी तसाच काळ्या हातांनी उभा राही. पप्पा म्हणायचे, लिहिणं सोपं आहे, समोरच्याच्या तोंडून 'घेतलं' निघेपर्यंत थांबणं ही खरी ड्यूटी.

मला त्यांनी इंग्लिश मीडियमला घातलं. "तुला कुणी हसायला नको," एवढंच कारण सांगितलं. मला कुणी हसलं नाही, कारण मी बोललेच नाही. अजूनही कुणी आडनाव विचारलं की मी आधी समोरच्याचा चेहरा बघते, मग सांगते.

मी कॉलेजात असताना आमच्या सोसायटीचा नेटवर एक ग्रुप निघाला. चिकलठाण्याच्या अलीकडची आमची सोसायटी; बहुतेक घरं कारखान्यांतल्या सुपरवायझरांची, थोडी शिक्षकांची. ग्रुपवर सगळे इंग्रजीत लिहायचे, आणि लिहिण्यापेक्षा एकमेकांच्या चुका काढणं जास्त चालायचं. पाणी आलं नाही अशी तक्रार कुणी टाकली की पाण्याचं राहायचं बाजूला आणि तक्रारीतल्या स्पेलिंगवर संध्याकाळ निघायची. या खेळात एक निवृत्त प्राध्यापक होते, आयुष्यभर इंग्रजी शिकवलेले. त्यांना सगळे सर म्हणायचे. चूक दिसली की ते खाली शुद्ध वाक्य लिहून द्यायचे, आणि लोक त्याला लाइक द्यायचे. चुकणारा हसून सॉरी म्हणायचा आणि पुढच्या वेळी दुसऱ्याची चूक पकडायचा. मी सगळं वाचायचे. कोण कुणाची चूक काढतं आणि कुणाची काढत नाही, हेही मला दिसायचं. चेअरमनसाहेबांची कधी कुणी काढली नाही.

पप्पांना ग्रुप आवडायचा. "फळाच आहे की हा," ते म्हणायचे. काही टाकायचं असलं की मला बोलवायचे, मी त्यांचं वाक्य नीट करायचे, आणि मग ते एका बोटानं बटण दाबायचे.

त्या आठवड्यात मी बिडकीनला मावशीकडे होते. पुढचं सगळं आईकडून कळलं.

सोसायटीची सेप्टिक टँक तुंबली होती. ती साफ करायला उद्या माणूस येतोय, बाथरूमचं पाणी जपून वापरा, अशी सूचना चेअरमननी ग्रुपवर टाकली. संध्याकाळी ती वाचून पप्पा चप्पल घालून त्यांच्या दारात गेले. ते म्हणाले, साहेब, टँक कितीतरी वर्षं उघडली नाही, आत गॅस धरला असेल. झाकण आधी पूर्ण दिवस उघडं ठेवा, माणूस आत सोडू नका, गाडी बोलवून पाइपनं ओढा. आमच्या प्लांटमध्ये मी स्वतः एकाला असाच टाकीतून बाहेर काढलंय. चेअरमन जेवत होते. ते म्हणाले, "अहो, ग्रुपवर टाका ना. सगळ्यांनाच कळेल."

पप्पांनी घरी येऊन टाकलं. मी नव्हते, म्हणून जसं यायचं तसं टाकलं. सगळं कॅपिटलमध्ये :

'ऑल मेंबर. टुमारो टँक क्लीन. गॅस इनसाइड. लिड ओपन वन डे कीप. मॅन नॉट गो. मॅन गो मॅन डाय.'

सकाळी फर्स्ट शिफ्टला निघताना त्यांनी कॉम्प्युटर लावून बघितलं. त्यांच्या ओळीखाली कमेंटची रांग लागली होती. इतक्या कमेंट ग्रुपवर कधी कशाला आल्या नव्हत्या. कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न देत होती. एकही न उघडता त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि आईला म्हणाले, "वाचलं गं सगळ्यांनी. लई झालं." आई सांगते, त्या दिवशी ते शीळ घालत जिना उतरले.

मी दुपारी जीपमधून उतरून सोसायटीत शिरले तेव्हा टाकीभोवती गर्दी होती, आणि ती पांगत चालली होती. जो माणूस आमच्या गल्लीचा झाडू मारायचा, तोच सफाईला उतरला होता. पप्पांना तो भाऊ म्हणायचा. आमच्या दाराबाहेर जिन्यावर बसून चहा प्यायचा आणि कप स्वतः विसळून ठेवायला लागला की आई ओरडायची, ठेव रे तो तिथं. झाकण अर्धंच सरकवलेलं होतं. तो उतरला आणि वर आला नाही. दोराशी उभा असलेला त्याचा मेहुणा मागोमाग उतरायला निघाला, त्याला लोकांनी धरलं. फायर ब्रिगेड आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मेहुणा कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत होता, "मला म्हणले काई नाय होत, धा मिन्टाचं काम हाय."

पप्पा चारच्या बसनं आले. गेटवरच त्यांना कळलं. ते घरी न येता सरळ टाकीकडे गेले. अर्धं सरकवलेलं ते सिमेंटचं झाकण त्यांनी एकट्यानं, नुसत्या हातांनी, ढकलत ढकलत पूर्ण बाजूला केलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता. कुणी त्यांना अडवलं नाही आणि कुणी हातही लावला नाही. मग ते वर आले. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. आईनं मोरीत बादली ठेवली. तिकडे न बघता ते हॉलमध्ये खाली बसले.

"लाव ते," कॉम्प्युटरकडे मान करून ते मला म्हणाले. "काय लिहिलंय लोकांनी, वाच."

मी लावला. पहिल्या दोन कमेंट मनात वाचल्या आणि थांबले.

"मोठ्यानं वाच, माय. फळा मोठ्यानं वाचायचा असतो."

"पप्पा, राहू द्या ना."

"वाच."

मी वाचलं. 'काका, कॅप्स लॉक बिघडलाय का? ओरडताय कशाला?' पुढची, 'मॅन नॉट गो. मग लेडीजला पाठवायचं का?' त्याखाली हसरे चेहरे. पुढची, 'सर, लाल पेन घेऊन या, पेशंट सीरियस आहे.' एकानं लिहिलं होतं, 'कोट्यातलं इंग्रजी.' ती मी गाळून पुढं गेले. पप्पा म्हणाले, "मधली सोडली तू." ती पण वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

मग सरांची कमेंट आली. सरांनी पप्पांचा मजकूर शुद्ध करून दिला होता. 'टाकीत विषारी वायू असण्याची शक्यता असल्यामुळे तिचं झाकण एक दिवस आधी उघडून ठेवावं आणि कुणालाही आत उतरवू नये, अन्यथा जीव जाऊ शकतो.' इंग्रजीतलं ते वाक्य सुंदर होतं. माझ्या शाळेत शिकवतात तसं, सगळे दुवे जागच्या जागी. त्याला भरपूर लाइक होते. चेअरमनचाही होता.

त्यापुढच्या सगळ्या कमेंट त्या वाक्यावर होत्या. पुण्यात आयटीत असलेल्या एका मुलानं विचारलं होतं, सर, इथं 'शुड' कसं, 'मस्ट' नको का? सरांनी उत्तर दिलं होतं की सूचना सौम्य असेल तिथं 'शुड' चालतं. मुलाचं म्हणणं, जीव जायची भाषा आहे तर सौम्य कसली? सर म्हणाले, संदर्भ सोसायटीच्या नोटिशीचा आहे. तिसऱ्यानं डिक्शनरीतला उतारा आणून टाकला. रात्री थांबलेला वाद सकाळी पुन्हा सुरू झाला होता. शेवटच्या कमेंटची वेळ मी बघितली. तेव्हा झाकण सरकवायला सुरुवात झाली असणार. ती वेळ मात्र मी मोठ्यानं वाचली नाही.

"झालं?" पप्पांनी विचारलं.

"झालं."

"घेतलं असं कुणीच नाय म्हणलं?"

"नाही, पप्पा."

ते हातांकडे बघत राहिले. मी विचार करत होते, मी घरी असते तर वाक्य नीट करून दिलं असतं. मग कुणी हसलं नसतं. पण मग कुणी वाचलंही नसतं. चांगल्या इंग्रजीत लिहिलेल्या नोटिसा ग्रुपवर रोज पडायच्या. त्यांच्याखाली एखादा अंगठा असायचा, बाकी काही नाही. हा हिशोब मी अजूनही मांडते आणि तो कुठूनही सुटत नाही.

दिवेलागणीला सर आले. उंबऱ्यापाशी थांबले. आई "या" म्हणाली तरी आत आले नाहीत. त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडली होती आणि ते नेहमीपेक्षा म्हातारे दिसत होते.

"वाईट झालं," ते म्हणाले. "तुमचं म्हणणं बरोबर होतं. मी... मी तर ते नीट लिहूनही दिलं होतं. तुम्ही बघितलं असेल."

"बघितलं, सर," पप्पा बसल्या जागेवरून म्हणाले. "लई नीट लिहिलं. मला जन्मात तसं जमायचं नाय."

सरांना बरं वाटल्यासारखं झालं. "नाही, म्हणजे आपली भावना—"

"म्हंजे तुम्हाला समजलं होतं."

सरांनी दाराची चौकट धरली.

"मी म्हणायचो, लोकांला माझं इंग्रजी समजत नसंल. म्हणून हसत्यात. समजलं नसतं तर बरं होतं, सर."

सर वळले आणि जिना उतरून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत येत होता.

थोड्या वेळानं मी पुन्हा ग्रुप बघितला. पप्पांची ओळ आणि तिच्याखालचं सगळं गेलं होतं. चेअरमननी काढून टाकलं होतं. त्याजागी त्यांचा शोकसंदेश होता, आमच्या सोसायटीच्या सेवेत एका कष्टाळू बांधवाचं दुर्दैवी निधन झालं, अशा अर्थाचा. त्यात दोन चुका होत्या. एक स्पेलिंगची, एक काळाची. मला त्या लगेच दिसल्या, माझी शाळाच तशी. खाली ओळीनं हात जोडलेले होते. चुका कुणी काढल्या नव्हत्या.

आईनं ताट वाढलं. पप्पा उठले नाहीत. हातांवरचं वाळून त्याला भेगा पडायला लागल्या होत्या. घरात तो वास भरला होता. "धुवा हो हात," आई म्हणाली, "किती वेळ असंच?" त्यांनी न ऐकल्यासारखं केलं.

मी जन्मात कुणासमोर काही मोठ्यानं म्हणत नाही. त्या वेळी त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांची ओळ ग्रुपवरून गेली होती, पण मला पाठ झाली होती. मी ती जशीच्या तशी म्हटली, एकही शब्द दुरुस्त न करता. 'मॅन गो मॅन डाय' इथपर्यंत. आणि मग म्हणाले, "घेतलं, पप्पा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. चुकीच्या माणसानं फळा वाचून 'घेतलं' म्हटल्यावर बघावं तसं.

"तुझी शिफ्ट नव्हती ती, माय," ते म्हणाले.

ताटातलं सगळं गार झालं. आईनं ते झाकून ठेवलं. बादली मोरीत तशीच भरलेली राहिली.