सुचवू नयेत अशी पुस्तकं

नवरा गेल्यावर लोकांनी मला पुस्तकं आणून दिली. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी वाचकांची बैठक भरते. दहा-बारा जण येतात. प्रत्येकाने वाचलेलं एक पुस्तक सांगायचं आणि ते इतरांनी वाचावं की नाही, हेही सांगायचं. बैठक चालवतात त्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाई म्हणतात. दिवसकार्य उरकल्यावर बाईच मला हाताला धरून तिथे घेऊन गेल्या. ते मी विसरलेले नाही.

पण त्यांनी सुचवलेली पुस्तकं माझ्याने वाचवेनात. पहाटे उठा, कृतज्ञ राहा, मागे वळून पाहू नका. पंचवीस वर्षं मी एका माणसासमोर बसून जेवले होते. मागे पाहायचं नाही तर कुठे पाहायचं?

अशात एका प्रदर्शनातून मी एक कथासंग्रह उचलला. बारीक होता, पर्समध्ये मावत होता, एवढंच कारण. माझं ऑफिस दिंडोरीला, त्यामुळे रोजची एसटी. बसमध्ये पहिली कथा उघडली. त्यातल्या गावात माणूस मेला की त्याच्या घराला आपोआप एक खोली वाढते. कुणी दारापुढे कपाट सरकवतं, कुणी दार विटांनी बुजवून टाकतं. एक बाई मात्र रोज आत जाते. आत पाणी असतं, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. ती बाहेर येते, पातळ पिळते आणि स्वयंपाकाला लागते. पाणी कुठून आलं ते लेखक सांगत नाही, आणि बाईला जपून राहायलाही सांगत नाही.

दिंडोरीचा स्टॉप गेलेला मला कळलाच नाही. कंडक्टरने वणीच्या रस्त्याला उतरवलं. द्राक्षबागेच्या कुंपणाशी उभी राहून मी रडले, मग मिळेल त्या जीपने मागे आले. त्या दिवशी ऑफिसात पहिल्यांदाच लेट मार्क लागला. पण माझ्या घरात जे घडलं होतं, त्याचं खरं माप मला आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं.

त्या रविवारी मी ती कथा बैठकीत सांगितली. घाईघाईत, वाईटच सांगितली. एका निवृत्त इंजिनिअर गृहस्थांनी विचारलं, यातून घ्यायचं काय? बाई हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही सध्या असलं वाचू नका. मनावर परिणाम होतो.” परिणाम व्हावा म्हणूनच वाचतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी पुस्तक पर्समध्ये टाकलं. संध्याकाळी बैठकीच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज आला की यापुढे फक्त उमेद देणारी पुस्तकंच सुचवावीत. नाव माझं नव्हतं, पण कुणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळलं.

पुढच्या महिन्यात मी तेच पुस्तक घेऊन गेले. माझी पाळी आली तेव्हा बाईंनी विचारलं, दुसरं काही नाही का? मी म्हटलं, नाही, यातली दोन पानं वाचून दाखवणार आहे.

“आपलं ठरलंय ना?”

“तुम्ही ठरवलंत. मला कुणी विचारलं नव्हतं.”

मी सांगितलं की ह्यांच्या दहाव्याला रामकुंडावर आम्ही चाळीस माणसं सव्वा तास कावळ्याची वाट पाहत उभे होतो. माझे दीर सीए आहेत. त्यांनी हात जोडून कावळ्याला शब्द दिला की आमच्या पोरीचं शिक्षण अर्धवट राहणार नाही. तेव्हा कुणीच म्हणालं नाही की हे भलतंसलतं आहे. “आणि आता एका गोष्टीतल्या खोलीला आपण घाबरतोय,” मी म्हटलं.

मागच्या रांगेत बी विंगमधले गुरुजी बसले होते. रामकुंडावर विधी सांगतात. बैठकीत दरवेळी प्रवासवर्णन सुचवायचे. ते उठले. म्हणाले, रोज सकाळी माझ्यासमोर माणसं रडतात, मला काय वाटेल ते विचारतात. तो कुठे गेला, त्याला थंडी वाजत असेल का. “आजवर उमेद कुणी मागितली नाही. बाई, मला यांचं ते पुस्तक हवंय.” मग जरा ओशाळून त्यांनी सांगितलं की लहानपणापासून ते भुताखेतांच्या, अघटिताच्या गोष्टी वाचत आलेत. चारचौघांत बरं दिसतं म्हणून प्रवासवर्णनं सांगतात.

बाई चिडल्या नाहीत. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. मी उभ्याउभ्याच दोन पानं वाचली. इंजिनिअर मोबाईल बघत राहिले. वाचून झाल्यावर मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. माझ्यामागून गुरुजी आले, आणि बैठकीत कधी चकार शब्द न काढणारी सी विंगमधली एक बाईही.

आता शनिवारी दुपारी आम्ही तिघं माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसतो. एकमत क्वचितच होतं. मला फार आवडलेली एक कादंबरी गुरुजींनी परत आणून ठेवली. म्हणाले, “यात भुतं पाच आहेत, पण कुणाचंच कुणावाचून अडत नाही.” मला ती अजूनही आवडते, आणि मी तसं त्यांना दर शनिवारी ऐकवते. सी विंगवालीची एकच अट असते, पुस्तकात जनावर मरता कामा नये. माणसांचं काहीही चालेल.

बाईंनी मला ग्रुपमधून काढलेलं नाही आणि मीही बाहेर पडलेले नाही. दर महिन्याला आमच्या पुस्तकाबद्दल मी तिथे सविस्तर लिहिते, कुणी वाचावं आणि कुणाला झेपणार नाही तेही. त्या ते पुसतात. काल दोनदा पुसलं. आज सकाळी तिसऱ्यांदा टाकलं आणि मग डबा भरून बस गाठली.