कमळाला कावळा शिवत नाही

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडिलांचा सोलापुरात लहानसा छापखाना. लग्नपत्रिकांवर घर चाले आणि उरलेल्या कागदावर ते स्वतःची पत्रकं छापत. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. त्यातलं एक मला तोंडपाठ होतं: गळ्यात लिंग धारण करणाऱ्याला कसलंच सूतक नाही. जन्माचं नाही, मरणाचं नाही, उष्ट्याचं नाही, जातीचं नाही आणि बाईच्या पाळीचंही नाही. आम्हा लिंगायतांचा धर्म हेच सांगतो, आणि वडिलांनी ते ठळक टायपात छापलं होतं.

घरात मात्र कारभार आत्याचा. आई गेल्यावर ती अक्कलकोटहून आमच्याकडे राहायला आली होती, आणि तिच्या कारभारात मला दर महिन्याला कावळा शिवे. कावळा शिवला की मी बाहेरची. स्वयंपाकघर बंद, पूजेची खोली बंद आणि परसातला हौदही बंद. कारण हौदात कमळ होतं आणि कमळ पूजेला जायचं.

कमळ माझं होतं. वैरागजवळच्या एका तळ्यातून मी कंद आणला होता. दुष्काळात हौद कोरडा पडला तेव्हा तो माठाच्या बुडात चिखल करून जगवला. भांडी विसळलेलं पाणी त्याला घातलं. पुढच्या साली पाणी आलं, पण रिकाम्या हौदाला भेगा गेल्या होत्या. गवंड्यानं त्या सिमेंटनं भरल्या. नव्या सिमेंटचं पाणी कमळाला सोसत नाही, म्हणून हौद भरायचा, उपसायचा, पुन्हा भरायचा असं चाललं. त्यात माठ तडकला. मग कंद ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला.

कमळाचा कंद सांध्यासांध्यांचा असतो आणि सगळा जीव टोकाच्या कोंबात. कोंब सुकला की बाकीचा कंद नुसता कुजतो. हौद एकदाचा तयार झाला त्या सकाळी मी गोणपाट उघडलं. एक कोंब काळा पडला होता. दुसरा, शेवटचा, अजून पिवळसर होता. आणि त्याच सकाळी मला पाळी आली.

"ब्याड, ब्याड," आत्या म्हणाली. नको म्हणायचं असलं की ती कानडीत जाई. "चार दिवस थांब की. झाड काय पळून जातंय?"

"चार दिवसांत मरेल ते."

"मरू दे. शिवलेलं फूल पूजेला घालायचं व्हय?"

हौदाच्या कठड्यावर एक खराखुरा कावळा बसला होता. पाण्यात चोच बुडवत होता.

"आत्या, हा तर रोज शिवतो हौदाला. याला कुठं बसवतेस चार दिवस?"

"तोंड लई चालतंय. छापखान्यात जन्मलीस न्हवं."

ओसरीवर प्रूफं तपासत बसलेले वडील उठून आले. हात पुढं करून म्हणाले, "आण इकडं, मी लावतो."

ही सोपी वाट होती. कमळ जगलं असतं, आत्याचं मन राहिलं असतं, घरात शांतता राहिली असती. फक्त माझा हात विटाळलेला आहे हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. मी कंद दिला नाही.

"आप्पा, तुम्ही छापलंय ते खरं की खोटं?"

"खरं आहे गं. पण घरात..."

"पत्रकात 'पण' नाही."

त्यांनी हात मागं घेतला. मी परकर खोचला आणि हौदात उतरले. घमेल्यात तळाला जुनं, मुरलेलं शेणखत, वर काळी माती. कंद आडवा ठेवला, कोंब मातीच्या वर राहू दिला, कंद तरंगू नये म्हणून त्यावर चपटा दगड. वर चार बोटं पाणी. आत्या दारातून बघत होती. "ह्या हौदाचं फूल आता पूजेला न्हाय," तिनं जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मंडईतून झेंडू यायला लागला.

पहिली पानं पाण्यावर सपाट पडली. नंतरची देठावर उभी राहिली, आणि मग कळी आली. फुललं त्या सकाळी वडिलांनी आंघोळ केली, ओल्या अंगानं हौदाकडे गेले आणि फूल खुडून आणलं. डाव्या तळहातावर लिंग ठेवून त्यांनी ते वाहिलं. बहिणीसमोर, एक शब्द न बोलता.

मला ते पुरलं नाही. मुकाट्यानं फूल वाहणं म्हणजे न वाटलेलं पत्रक.

"आप्पा, कुणी लावलं ते बोला."

 ते बहिणीकडे वळून म्हणाले, "हिनं लावलंय. त्या दिवसांत."

"मला ठाऊक हाय की," आत्या म्हणाली. "म्या काय आंधळी हाय?" आणि तिनं आपल्या लिंगावर झेंडू वाहिला.

पुढच्या पाळीला हौदात दोन फुलं होती. पहिल्याच दिवशी मी डोक्यावरून पाणी घेतलं, हौदात उतरले आणि एक फूल खुडलं. आत्यानं ते पाहिलं. मी परसातून येईपर्यंत तिनं पूजेच्या खोलीचं दार ओढून घेतलं होतं आणि ती दारासमोर उभी होती.

"पुढल्या आठवड्यात कर पूजा. लिंग कुटं जातंय?"

"लिंग माझ्या गळ्यात आहे आत्या. मी जिथं जाते तिथं ते येतंच. स्वयंपाकघराबाहेर बसवतेस तेव्हाही असतं."

ती दारातून हलली नाही. मी तिच्या बाजूनं सरकले. एका हातात फूल होतं, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. दार मी पायानं ढकललं. ती बाहेरून कानडीत बडबडत राहिली, आणि मी मांडी घालून बसले, लिंग तळहातावर घेतलं आणि पूजा पुरी केली.