काचेची अढी

"कसे आहात?" असं विचारलं की ते नुसत्या तोंडाने उत्तर देत नसत. दोन्ही हात वर करून बोटं पसरून दाखवायचे आणि म्हणायचे, "दहाच्या दहा!" जन्मभर काच कापणाऱ्या माणसाची खुशाली बोटांवरच मोजायची असते, हे मला तेव्हा कुठलं कळायला! मला वाटलं, यांना ऐकू कमी येतं. म्हणून मीही हसून त्यांना माझी दहा बोटं दाखवली.

रत्नागिरीच्या बाजारातून ते काच नेत असताना तुम्ही बघायला हवं होतं. बगलेत हे एवढं तावदान, कडेला लाल चिंधी बांधलेली आणि तोंडाने सारखं चालू, "दिसत नाय म्हणजे नाय असं नाय हो, बाजूला व्हा!" मासळीच्या बायकासुद्धा टोपल्या सावरून वाट द्यायच्या. फ्रेमच्या दुकानात कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरच्या खिडक्यांना काचा बसवून द्यायचे. अंगाने काटकुळे, बोलायला हळू. पण काचेबद्दल बोलायला लागले की सासरी गेलेल्या लेकीची चौकशी करावी तसा आवाज व्हायचा.

आता त्या काळातल्या माझ्याबद्दल सांगते. हसलात तरी चालेल, मीही हसते. पन्नाशी जवळ आली होती. कचेरीतली नोकरी सोडून मी पुण्याला रंगीत काचकामाचा दहा दिवसांचा वर्ग केला आणि अकराव्या दिवसापासून कलावंत झाले. 'माझं काम' असं म्हणताना डोळे जरासे मिटायचे. चहा मुद्दाम निववून प्यायचे, कारण वर्गातल्या बाई तसा प्यायच्या. घराच्या मागच्या पडवीत स्टुडिओ थाटला. तोवर त्या पडवीत आमच्या ह्यांचे नारळ असायचे. नारळांची रवानगी जिन्याखाली झाली. हे चिडले नाहीत, फक्त मुदत घातली. "पावसाआधी तुझी एक तरी खिडकी कुणाच्या भिंतीत लागली, तर पडवी तुझी. नाहीतर माझे नारळ परत."

नशीब म्हणा, भाट्याच्या एका डॉक्टरांनी नव्या दवाखान्यासाठी खिडकी सांगितली. त्यांना त्यात समुद्र हवा होता. मी मुंबईहून काचा मागवल्या. पिवळ्या, हिरव्या, लाल भरपूर आल्या, निळी मात्र एकच. दुसरी पाऊस संपल्याशिवाय मिळणार नाही, असा निरोप. म्हणजे अख्खी पडवी त्या एका निळ्या काचेवर उभी!

ती जपून ठेवायला हवी होती. पण काचा ठेवायच्या कशा, हे वर्गात ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी मी साड्या बघायला गेले होते. मग मी स्वतःची अक्कल चालवली. आमच्याकडे नाजूक वस्तू म्हणजे हापूस, आणि हापूस आम्ही कसा जपतो? अढी लावून! पडवीत भाताचा पेंढा पसरला. त्यावर निळी काच निजवली. सगळ्यात मौल्यवान म्हणून सगळ्यात खाली. वर पेंढा, मग पिवळी, मग पेंढा, मग हिरवी. असे नऊ थर. वरून गोणपाट. आंब्यांचं करावं तितक्याच मायेने केलं हो सगळं.

पंधरा दिवसांनी ते स्वयंपाकघरातलं फुटलेलं तावदान बदलायला आले. काम संपवून पडवीत हात धुवायला गेले आणि त्यांनी गोणपाटाचा कोपरा उचलला. बराच वेळ बघत राहिले.

"वैनी, काचा पिकत घातल्यात?"

मी डोळे जरासे मिटले. "मी शक्यतो नैसर्गिक साहित्यच वापरते."

"असं होय. मग वास सुटला की बोलवा."

पण गेले नाहीत. खाली बसले आणि एकेक थर काढायला लागले. पेंढा दमट झाला होता. वरच्या दोन काचांवर पांढुरके डाग धरले होते. हिरवीचा एक कोपरा उडाला होता. सगळ्यात खाली निळी. तिला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तडा. मला पडवीत नारळांचा ढीग दिसायला लागला.

"काच उभी ठेवायची असते हो," ते हळूच म्हणाले. "उभी असली की वर्षानुवर्षं राहते. तुम्ही तिला झोपवलीत, वर आठ जणींचं ओझं दिलंत आणि अंगाखाली पेंढ्याच्या गाठी. तिने तरी काय करावं?"

तेवढ्यात हे दारात आले. "काय गं, काय झालं?"

त्यांनी झटकन निळीवर गोणपाट ओढलं. "काय नाय साहेब. काचा बघतोय. बऱ्या आहेत."

दुसऱ्या दिवशी फणसाच्या फळ्या घेऊन आले आणि भिंतीशी एक मांडणी ठोकली. प्रत्येक काचेला वेगळा खण, काच जराशी मागे रेलेल अशी. तळाला जुनी गोधडी. दोन काचा एका खणात ठेवायची वेळ आली तर मध्ये कोरडा कागद, आणि तो पावसाआधी बदलायचा. हे सगळं मला पोरीला पाढे शिकवावेत तसं दोनदा म्हणायला लावलं.

मग निळीकडे वळले. माझ्या चित्रात तीन लाटा होत्या, वर्गातल्या वहीतून उतरवलेल्या, इस्त्री केल्यासारख्या. त्यांनी तो कागद बाजूला सारला. काच टेबलावर ठेवली आणि बोटाने तड्यावरून फिरत गेले. "हा जातो तिथून जाऊ दे त्याला. मध्ये शिशाची पट्टी घालू." त्यांनी काच दोन्ही हातांत धरून हलकेच दाब दिला. काच तड्यावर सुटली, निमूटपणे, दोन तुकड्यांत. पट्टी बसली तेव्हा डावीकडून उठलेली, मध्येच वळलेली आणि उजवीकडे कोसळणारी एक लाट समोर होती. असली लाट मला जन्मात काढता आली नसती.

पावसाआधी आठ दिवस ते दवाखान्यात स्टुलावर चढून खिडकी बसवत होते. डॉक्टर खाली उभे राहून बघत होते. "वा! ही लाट कशी सुचली हो तुम्हाला?"

मी पुन्हा डोळे मिटले. मेलीला लाज नाही! मी म्हणाले, "बरेच दिवस समुद्र बघत बसले होते."

स्टुलावरून एक खोकला आला. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, "वैनी, किती दिवस बसलात?" मी रिक्षाबाहेर बघायला लागले. "पंधरा ना? पेंढ्यात होती तेवढेच." आणि पांढरा चौक येईपर्यंत खांदे हलवत हसत राहिले. पण कुणाकडे बोलले नाहीत. माझ्या ह्यांच्याकडेही नाही. पडवी माझी झाली. नारळ जिन्याखालीच राहिले. पुढे दरवर्षी वैशाखात येऊन ते माझी मांडणी तपासायचे. चूक सापडली नाही की थोडे हिरमुसायचे, म्हणून मी एखादी काच मुद्दाम वाकडी ठेवायचे.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. मला आठवड्याने कळलं.

परवा गुडघा दाखवायला भाट्याला गेले होते. डॉक्टर आता माझ्यासारखेच पिकलेत. तपासता तपासता नव्या नर्सला सांगायला लागले, "ही खिडकी ह्यांचीच बरं का. बघ, काय लाट सुचली आहे!"

"मला नाही सुचली," मी म्हटलं. "मी काच फोडली होती. लाट त्यांनी काढली."

"कोणी?"

"खिडकी बसवायला आले होते ते."

डॉक्टरांनी खिडकीकडे मान वळवली. "ते स्टुलावरचे? अहो, मी तर त्यांना नावसुद्धा विचारलं नाही."

डॉक्टर उठले, खिडकीशी गेले आणि जिथून तडा सुरू होतो बरोबर तिथे त्यांनी बोट ठेवलं. मग पट्टीवरून ते हळूहळू लाटेच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. बाहेर रांगेत कुणीतरी खाकरत होतं. मी साडी गुडघ्यावर तशीच धरून बसून होते आणि पहिल्यांदाच, डोळे पूर्ण उघडे ठेवून, डॉक्टरांना त्यांचं नाव सांगितलं.