खुराड्यातली तुसं

यजमान निवृत्त झाले आणि पंधरवड्यात चाळीस लाव्हे घेऊन घरी आले. "मुठीएवढे तर पक्षी. त्यांची घाण ती केवढी असणार?" गच्चीवर खुराडं ठोकता ठोकता त्यांनी मला विचारलं. महिनाभरात उत्तर साऱ्या गल्लीला मिळालं.

शिवाजी पेठेत घराला घर लागून. वास कुठं जाणार? आधी खुराड्यात सुताराकडचा बारीक भुसा अंथरला. तो पक्ष्यांच्या नाकात गेला आणि माझ्याही. मग रद्दी घातली, तर दुपारपर्यंत लगदा. शेवटी भाताची तुसं आणली, पोतंभर. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी दार उघडलं आणि डोळ्यांतून पाणीच आलं. वास कसला, झणकाच तो! वाळत घातलेल्या चादरीसुद्धा त्याच वासाच्या. ह्यांनी काय करावं? फिनेल शिंपडलं. पक्षी मलूल होऊन कोपऱ्यात बसले. मग धूप घातला. "अहो, जुनं काढून टाका की," म्हटलं, तर हे जुन्यावरच नवा थर पसरायचे. वर कोरडं दिसायचं, खाली चिखल. आणि तो खरवडायची वेळ आली की ह्यांना नेमकं बाजारात काम निघायचं.

एका सकाळी शेजारच्या तालमीचे वस्ताद तरातरा जिना चढून गच्चीवर आले. मला वाटलं, आता भांडण.

"वैनी, पोरं जोर मारत्यात आन् ह्यो वास नाकात जातोय. काय ठेवलंय काय हितं?"

मी इतकी वैतागले होते की भांडायचंही त्राण नव्हतं. दार उघडून दिलं. "तुम्हीच बघा."

ते उकिडवे बसले, हात थेट तळाशी घातला आणि मूठभर तुसं दाबून पाहिली. मूठ उघडली तर गोळा.

"ह्यो गोळा फुटाय पायजे. ओल हाय. पाणी कुठनं येतंय?"

"पाऊस तरी कुठं आलाय?" यजमान मागून म्हणाले.

वस्तादांनी पाण्याचं भांडं उचललं. बुडाला चीर होती. महिनाभर ते थेंबथेंब खाली गळत होतं, आणि मी मात्र पक्ष्यांना शिव्या देत होते.

"आखाड्याची माती आमी रोज उकरतोय," वस्ताद हात झटकत म्हणाले. "न्हाय उकरली तर ती बी वास मारती. ह्येला बी तसंच करा."

त्या दिवशी सगळं उपसलं. फरशी धुऊन उन्हात वाळवली, नवी तुसं चार बोटं अंथरली, नवं भांडं ताटलीत ठेवून विटेवर चढवलं. रोज उकरायचं आणि भिजलेला भाग लगेच बाहेर काढायचा. आठवड्यात झणका गेला. ढगाळ दिवशी थोडा वास येतो, पण डोळे चुरचुरत नाहीत.

एवढं सगळं झाल्यावर यजमान चहाला आलेल्या पाहुण्यांना सांगत होते, "मी जरा पद्धत बदलली." माझं डोकंच फिरलं. पाहुण्यांसमोरच त्यांच्या हातात खुरपं दिलं आणि म्हटलं, "मग दाखवा की वर जाऊन."

पाहुणे उत्साहानं उठले. ह्यांनाही उठावं लागलं. तेव्हापासून उकरायचं काम त्यांच्याकडे आहे. रोज सकाळी वरून त्यांची कुरकुर ऐकू येते, आणि मी खाली निवांत पेपर वाचते.